टिटवीचं वजन

थोरलीने आडव्या पिवळ्या नळीवर नखाने खरवडून पाहिलं. पापुद्रा निघाला नाही, कारण तिथे रंग उरलाच नव्हता. दीड वीत जागेत उघडं लोखंड दिसत होतं आणि त्यावर तांबूस गंज धरला होता. ती वाकून यंत्राच्या दुसऱ्या बाजूला गेली. तिकडेही तस्साच डाग, तेवढाच रुंद, आणि दोन्ही डागांच्या कडेला साखळी घासल्यासारखे बारीक ओरखडे.

पात्याला माती घासते, चाकांना खडी लागते, जोडाच्या खिळीवर ग्रीस आणि धूळ मिळून काळा लगदा बसतो, हे सगळं तिला पाठ होतं. पण सांगाड्याच्या वरच्या अंगाला काही लागायचं कारणच नव्हतं. तिथे ऊन आणि धूळ सोडून दुसरं कुणी बसत नसे.

"हे कशानं घासलं?" तिने विचारलं.

वेल्डरने तोंडावरची काच वर केली. चौदा वर्षांत या माणसाला कधी एक प्रश्न विचारून एकच उत्तर मिळालं नव्हतं. विचारा खिळ्याचं, तर सासऱ्याच्या मोतीबिंदूपर्यंत सांगून मोकळा. आज त्याने डागाकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं आणि काच परत खाली ओढली.

"काकांना विचारा, ताई," तो काचेआडून म्हणाला. "चाचणीत यंत्र त्यांच्याच हाताखाली होतं."

पलीकडे लेथवरचा माणूस बंद मशीन पुसायला लागला. थोरलीला ते खटकलं. एवढा स्वच्छतेचा उमाळा त्या कारखान्यात कुणाला कधी आला नव्हता.

ही पहिली टिटवी. चाचणीची. रंगरंगोटी करून ती फाटकाशी चौथऱ्यावर ठेवायची, असं कामगारांनीच ठरवलं होतं. टिटवी हे नावही त्यांचंच. वडिलांनी बनवलेलं रस्ता तासायचं जुनं पातं तीन टनांचं. त्याला सगळे हत्तीण म्हणत. ती ओढायला जंगी ट्रॅक्टर लागे, आणि तो असा रमत-गमत चाले की मागून सायकलवाला घंटी वाजवून पुढे जाई. खडीच्या रस्त्याला गाड्यांच्या ये-जा करण्याने पन्हळी पत्र्यासारख्या लाटा पडतात. त्यावरून जाताना दातावर दात आपटतात, बोलणाऱ्याची जीभ चावली जाते, आणि गाडी पस्तिसाच्या वर नेली तर तिचे नटबोल्ट वाटेत वेचत जावं लागतं. हत्तीण त्या लाटा मुळापासून कापायची. पण तिची पाळी यायला एकेका वस्तीला पाच-सहा महिने वाट पाहावी लागे.

वडिलांच्या छातीत दुखायला लागलं, तेव्हा हत्तीण कुठेतरी दूर दुसऱ्या रस्त्यावर होती. धाकट्या बहिणीने त्यांना आपल्या प्रवासी गाडीत मागे आडवं घातलं आणि बेचाळीस किलोमीटर नेलं. जोरात नेलं तर हादरे, हळू नेलं तर उशीर. तिने हळू नेलं. दवाखान्याच्या दारात डॉक्टर म्हणाले, अर्धा तास आधी आणायला हवं होतं. धाकटी त्यावर आजवर एक शब्द बोललेली नाही. थोरली मात्र तेराव्या दिवसानंतर कारखान्यात आली, वडिलांच्या टेबलावर बसली आणि कागदावर पातं काढायला लागली. हलकं. कुठल्याही लहान ट्रॅक्टरला जोडता येईल असं. पंचवीसच्या वेगाने धावेल असं. सकाळी जोडावं आणि दुपारच्या जेवणाला रस्ता गुळगुळीत करून परत यावं.

पावणेदोन वर्षं तिने दुसरं काही केलं नाही. भरीव लोखंडाच्या जागी पोकळ नळ्या घातल्या, एका पात्याची दोन केली, ती तिरपी बसवली, मागे स्प्रिंग दिल्या. तीन टनांचे नऊशे किलो झाले. कारखान्याच्या आवारातल्या मऊ मुरुमावर टिटवी अशी धावली की लेथवरच्या माणसाने शिट्टी मारली.

खऱ्या रस्त्यावरची चाचणी काकांनी केली. काका म्हणजे वडिलांचा ट्रॅक्टर तीस वर्षं चालवलेला माणूस. नात्याने कुणी नाही, पण दोघी बहिणींनी पहिली सायकल त्यांच्याच हाताच्या आधाराने चालवलेली. त्यांची एकच अट होती: मी एकटा जाणार. तू मागे बसलीस की मालक बसल्यासारखं वाटतं, हात चुकतो, म्हणाले. थोरलीने त्यांचा मान राखला. ती आपली रोज आठ वाजता, काम झाल्यावर, जीप घेऊन जायची. जीपच्या पुढच्या फळीवर उथळ काठाची एक स्टीलची ताटली तिने स्क्रूने बसवली होती आणि त्यात सात छर्रे. किलोमीटरभरात किती छर्रे उड्या मारून खाली पडतात, ते मोजायचं. हत्तिणीने केलेल्या रस्त्यावर दोन पडत. टिटवीच्या रस्त्यावर एकही नाही. रस्तेखात्याच्या साहेबांनी स्वतः जीपमध्ये बसून पाहिलं, आणि टाळ्या वाजवल्या. बघता बघता चौदा टिटव्या कारखान्याबाहेर पडल्या.

आणि आता पहिल्या टिटवीच्या पाठीवर हे दोन डाग.

काका वस्तीतच राहत, कारखान्यापासून दहा मिनिटांवर. गुडघ्यांनी दगा दिल्यामुळे महिन्यापूर्वी त्यांनी काम सोडलं होतं. थोरली गेली तेव्हा ते ओसरीत खुर्चीवर बसून गुडघ्याला तेल चोळत होते. सुनेने पाणी आणलं. थोरलीने पेला हातात घेतला आणि न पिता खाली ठेवला.

"वरच्या नळीवर डाग आहेत, काका."

काकांनी मान वर केली नाही. तेल चोळणारा हात फक्त जरा मंदावला.

"दिसले होय," ते म्हणाले.

मग त्यांनी सांगितलं, आणि सांगताना काही लपवलं नाही. पहिल्या दिवशी तिने सांगितलं होतं तसंच नेलं होतं, पंचवीसने. आवारातला मुरूम वेगळा आणि वर्षानुवर्षं गाड्यांनी ठोकून ठोकून कडक झालेला रस्ता वेगळा. पातं लाटेच्या माथ्यावर आपटायचं, उडायचं आणि पुढच्या खळग्यात पडायचं. कापत काहीच नव्हतं. माथ्यावरची सुटी खडी तेवढी ओढून खळग्यांत भरत होतं. दिसायला रस्ता असा की त्यावर लोळावं. काका उतरले आणि टाचेने उकरून पाहिलं. वर चार बोटं सुटी खडी, आणि खाली जुन्या लाटा होत्या तशाच.

"मग दोन दगड ठेवले," काका म्हणाले. "साखळीनं आवळले अन् खालच्या गिअरमध्ये नेलं. हत्तिणीच्या चालीनं. तेव्हा कुठं कापायला लागली."

"केवढे दगड?"

"एकेक उचलायला चौघं लागले."

चौघं म्हणजे वेल्डर आला, लेथवाला आला. म्हणजे तीन आठवडे अख्खा कारखाना पहाटे उठून दगड चढवत होता आणि आठच्या आत उतरवून ठेवत होता. काका सहाला निघतात असं तिने वहीत लिहिलं होतं; ते तीनलाच निघत होते. थोरलीच्या कानशिलांत रक्त उसळलं. सगळ्यांनी मिळून तिला लहान मुलीसारखं खेळवलं होतं.

"मला का नाही सांगितलंत?"

"त्याच दिवशी सांगणार होतो." काकांनी आता तिच्याकडे पाहिलं. "तू ती ताटली घेऊन आलीस. एकबी छर्रा पडला नाही. अन् मालक गेल्यापासून पहिल्यांदा हसलीस, पोरी."

यावर रागावणार तरी कुणावर? ती रागावलीच, पण तो राग कुठे नेऊन ठेवावा ते तिला कळेना.

"चौदा यंत्रं गेलीत, काका. त्यांच्यावर दगड कोण ठेवणार?"

"ज्याला रस्ता कळतो तो ठेवील."

"आणि ज्याला कळत नाही?"

काकांनी तेलाच्या बाटलीचं बूच लावलं. ते नीट बसत नव्हतं, म्हणून दोनदा दाबलं. आत सून कुणाशी तरी बोलत होती. थोरलीला आठवलं, आज सकाळी साडेअकराच्या सुमारास कारखान्याच्या फाटकावरून ट्रॅक्टर गेला होता. मागे टिटवी होती, चौथ्या नंबरची. कामगार काम सोडून पाहायला गेले नव्हते, एवढंच तिला तेव्हा जरा चमत्कारिक वाटलं होतं. तिला स्वतःला मात्र ऊर भरून आला होता.

"आज आपल्याच रस्त्यावर होती," ती म्हणाली.

काकांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. थोरलीनेही पाहिलं. पावणेचार.

धाकटीची गाडी चारला शहरातून सुटायची.

धाकटी अकरा वर्षं त्या रस्त्यावर सोळा माणसांची गाडी चालवत होती. सकाळी साडेसहाला वस्तीतून शहरात, चारला शहरातून परत. शाळेची मुलं, दवाखान्यात कामाला जाणाऱ्या बायका, खाणीच्या कचेरीतला एखादा कारकून. सकाळी ती गेली तेव्हा रस्ता जुनाच होता. आता येताना तो तिच्यासमोर पहिल्यांदाच असा पसरलेला असणार होता. थोरलीने तिला फोन लावला. बंद. प्रवासी चढायला लागले की धाकटी फोन बंद करून पुढच्या खणात टाकायची; ताई, लोकांचा जीव हातात असतो, म्हणायची.

मग तिने रस्तेखात्याच्या मुकादमाला फोन लावला. मुकादम खुशीत होता. ताई, तुमची टिटवी उडतेय नुसती, म्हणाला. सकाळी साडेनऊला शहराकडून सुरू केलं आणि बाराच्या आत वस्तीत. ट्रॅक्टरवाला तर परत दुसऱ्या रस्त्याला लागलासुद्धा.

"किती वेगानं नेली?"

"तुमच्या पुस्तकात लिहिलाय तेवढ्याच. पंचवीस."

"वर काही वजन ठेवलं होतं?"

"वजन?" मुकादम हसला. "ताई, हलकी आहे म्हणून तर घेतली ना."

ती म्हणाली, रस्ता आत्ताच्या आत्ता बंद करा. मुकादमाला वाटलं, ती गंमत करतेय. बंद करायचा तर कारण लिहावं लागतं. काय लिहू, रस्ता फार चांगला झालाय म्हणून? तिने समजावलं तेव्हा त्याचा आवाज जरा उतरला. पण साहेब उद्या येणार होते, सहीशिवाय त्याला काही करता येत नव्हतं, आणि ताईंनी उगाच जिवाला घोर लावून घेऊ नये असं त्याचं मत पडलं. थोरलीने फोन ठेवला. वस्तीच्या बाहेर पडलं की फोन लागायचा बंदच होई, तेव्हा आता जे काही करायचं ते जाऊनच करायचं होतं.

चारला ती जीप घेऊन निघाली.

डोकं भणभणत होतं. काकांचं बोलणं, वेल्डरची काच, साहेबांच्या टाळ्या, सगळं एकात एक मिसळलं होतं. धाकटीला कुठे गाठायचं याचा हिशेब ती मनात मांडत होती. शहरापासून तीस किलोमीटरवर, म्हणजे इकडून बारावर, जुन्या खाणीचं वळण. दगड काढून काढून सोडून दिलेली खाण. एका अंगाला उभा कडा, तळाशी हिरवं पाणी, आणि रस्ता तिच्या काठावरून वळणारा. दुसऱ्या अंगाला खाणीतून काढलेल्या मातीचा ढिगारा, त्यामुळे पलीकडचं काही दिसत नाही. धाकटी तिथे रोज पाच-सव्वापाचला पोहोचायची. वळण ओलांडून पुढच्या सरळ रस्त्यावर जीप आडवी लावायची, दिवे चालू ठेवायचे. लांबून दिसेल. हळूहळू थांबेल. वेळ भरपूर होता.

रस्ता कसा आहे, याकडे तिचं नंतर लक्ष गेलं. जीप कुठेच आपटत नव्हती. स्टिअरिंग हातात लोण्यासारखं फिरत होतं. फळीवरच्या ताटलीत सातही छर्रे एकमेकांना चिकटून गप्प पडले होते. या रस्त्यावर लहानपणापासून तिने इतकी शांतता कधी ऐकली नव्हती. आणि खरं सांगायचं तर, त्या क्षणी तिला अभिमान वाटला. काका म्हातारे झालेत, तिच्या मनात आलं. म्हाताऱ्या माणसांना नवीन काही पचत नाही. वडील आज असते तर त्यांना या रस्त्याने अर्ध्या तासात नेता आलं असतं.

ढिगारा समोर दिसला, तशी तिची नजर सहज काट्यावर गेली. ऐंशी.

तिने गाडी पस्तीस-चाळिसाने चालवली होती. निदान तिच्या अंगाला तसंच वाटत होतं. पाय आपोआप ब्रेकवर गेला. जीपची चाकं थांबली, पण जीप थांबली नाही. सांडलेल्या वाटाण्यांवर पाय पडावा तशी ती घसरली, मागची बाजू पुढे आली, समोरचा ढिगारा काचेतून आडवा सरकत गेला आणि त्याच्या जागी काही क्षण नुसतं आकाश आलं. मग धाडकन आवाज झाला. जीप आतल्या अंगाच्या चरात उतरून ढिगाऱ्याला टेकली होती. ती कड्याच्या बाजूला गेली नाही, यात थोरलीच्या हातांचं काहीही कर्तृत्व नव्हतं.

छर्रे सगळे खाली पडले होते.

जीप काढायचा तिने प्रयत्न केला. पुढे, मागे, परत पुढे. चाकं चरातल्या मातीत रुतत गेली. दहा मिनिटं गेली तेव्हा तिने नाद सोडला. ती खाली उतरली. रस्त्यावर बसून तिने हाताने खडी बाजूला केली. चार बोटं. काकांनी मोजलं होतं तेवढंच. खाली जुन्या लाटांचे माथे लागले, दगडासारखे कडक. आपण काय केलं, हे तिला त्या वेळी पुरतं कळलं. रस्ता खराब होता तेव्हा प्रत्येक माणूस आपल्या दातांच्या भीतीने हळू चालवत होता. तिने भीती काढून घेतली होती आणि बाकी सगळं तिथेच ठेवलं होतं. आणि अशा चौदा टिटव्या.

चार वाजून बावीस मिनिटं. पाऊण तास हाताशी होता. वळणाच्या पलीकडे जाऊन सरळ रस्त्यावर निदान अर्धा किलोमीटर चालत जायचं, आणि तिथे उभं राहायचं. धाकटी लांबूनच ओळखेल. ताई रस्त्यावर एकटी, पायी, म्हणजे काहीतरी बिनसलंय, हे तिला सांगावं लागणार नाही. ती सावकाश थांबेल. मुलांना उतरवू, वळणापुढे चालत नेऊ. कडेकडेने चालत थोरली वळण ओलांडून गेली. एका बाजूला कडा होता. तिने तिकडे पाहायचं टाळलं.

पलीकडचा सरळ रस्ता तिला दिसला, तो नको इतका सुंदर होता. एकही खळगा नाही, एकही लाट नाही. ती शंभरेक पावलं चालली असेल.

समोर, रस्त्याच्या टोकाला धूळ दिसली.

दुसरंच कुणी असेल, असं तिने स्वतःला सांगितलं. पण त्या वेळी त्या रस्त्यावर दुसरं कुणी येत नसे. धूळ वाढत होती, आणि ज्या वेगाने वाढत होती त्यावरून गणित सोपं होतं. पाऊण तास आधी. म्हणजे धाकटीलाही तेच वाटत होतं जे तिला वाटलं होतं: आपण नेहमीसारख्या बेताने चाललो आहोत. धाकटीच्या गाडीच्या टपावरची निळी पट्टी दिसायला लागली.

थोरलीचा हात वर गेला. ओरडायला तोंड उघडलं. आणि हात तसाच खाली आला.

वळण तिच्या मागे शंभर पावलांवर होतं. इथे तिला पाहिलं की धाकटी काय करणार? जे कुणीही करील तेच. ताई दिसली की ती पायाखालचा ब्रेक दाबणार, या वेगात, या खडीवर, आणि गाडी थांबणार नाही. ती कुठे जाईल हे थोरली आत्ताच पाहून आली होती. पण तिला काहीच दिसलं नाही तर? अकरा वर्षं धाकटीने हे वळण घेतलंय. वळणाच्या आधी ती ब्रेकला पायही लावत नाही. पाय उचलते, गिअर खाली टाकते, गाडी आपली आपण मंदावते. तेवढं तिला करू द्यायचं. तिच्या वाटेतून फक्त बाजूला व्हायचं.

आयुष्यात पहिल्यांदाच थोरली धाकटीपासून लपली. रस्त्याच्या कडेला पावसाचं पाणी जायला खणलेला उथळ चर होता. ती त्यात पालथी पडली, गाल मातीला टेकवला, साडीचा पदर गोळा करून अंगाखाली घेतला. खडीचा आवाज जवळ येत गेला. तिचा श्वास तिलाच ऐकू येत होता. पाय उचल, ती मातीत पुटपुटत होती. उचल गं बाई, पाय उचल.

आणि इंजिनाचा सूर उतरला. तिने तो ऐकला. आधी जरासा, मग गिअर पडल्याचा ओळखीचा हुंदका, मग आणखी खाली. धाकटीने पाय उचलला होता. थोरलीच्या डोळ्यांतून पाणी आलं. गाडी अंगावरून जावी तशी जवळून गेली, खडीचे दाणे तिच्या पाठीवर टपटप पडले, आतून मुलांच्या हसण्याचा आवाज आला. गाडी मंदावत होती. अजून खूप वेगात होती, पण मंदावत होती.

तिने डोकं वर केलं.

धुळीतून गाडीची मागची काच दिसत होती. काचेला नाक टेकवून एक मुलगी बसली होती, दप्तर छातीशी धरून. ती थोरलीकडेच पाहत होती. रस्त्याकडेला चरात पालथी पडलेली, केस सुटलेली, मातीने माखलेली बाई. थोरलीने घाईघाईने ओठांवर बोट ठेवलं. शू. काही नाही झालं. बोलू नकोस.

मुलगी क्षणभर तशीच पाहत राहिली. मग तिने मान वळवली आणि पुढच्या बाजूला कुणाला तरी हाक मारली. बाकावरची दोन-तीन डोकी मागे वळली. कुणीतरी उठून उभं राहिलं.

गाडी वळणाच्या तोंडाशी पोहोचली होती, आणि तिचे मागचे दोन्ही दिवे लाल झाले.